एक चूल, तीन शिधापत्रिका

दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा एक रकाना असतो. फेब्रुवारी २०२३ मधल्या एका सकाळी तो भरता आला नाही म्हणून खुब्याचं हाड मोडलेली ७१ वर्षांची बाई सहा तास स्ट्रेचरवर पडून राहिली. सोबत दोघी होत्या. एकीनं 'शेजारीण' लिहिलं आणि लगेच खोडलं. दुसरी म्हणाली, 'बहीण' लिहा. पण आधार कार्डं समोर होती आणि आडनावं जुळत नव्हती. खोडाखोडीचा कागद काउंटरवरच्या मुलानं परत सरकवला. "रक्ताचं कोणी असेल त्यांना बोलवा."

मी विधी सेवेची, म्हणजे कायद्याच्या मोफत मदतीची, स्वयंसेविका. शाळेतून निवृत्त झाल्यावर हे काम घेतलं. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते दवाखान्यामुळे नव्हे. त्यानंतर अडीच महिन्यांनी एका पुतण्यानं वकिलाची नोटीस पाठवली, तेव्हा आलं. तिघींच्या संमतीनं इथं मांडते आहे. गाव तापीकाठचं, जळगाव जिल्ह्यातलं, एवढंच सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेलीच नाहीत. गावात त्यांना ज्या हाकांनी ओळखतात, त्याच इथं वापरते.

घर आणि माणसं

घर गावठाणात, पाच खणांचं, धाब्याचं. पुढं ओटा, मागं परस, परसात मोरी आणि शेवग्याचं झाड. २०११ मध्ये मागच्या दोन खणांचा धाबा उतरवून पत्रे टाकले. पुढचे खण अजून मातीचेच आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर वर पांढरी माती टाकावी लागते, आणि ती टाकायला आता माणूस मिळत नाही ही तिथली कायमची तक्रार.

घर जिजींचं. स्ट्रेचरवर होत्या त्या याच. नवरा १९९८ मध्ये गेला, मूलबाळ नाही. सासऱ्याच्या वाटणीतून नवऱ्याकडे आणि नवऱ्याच्या मागं त्यांच्याकडे हे घर आलं, सोबत दोन एकर कोरडवाहू रान. रान बटाईनं देतात. कापूस निघाला तर निघाला.

बाई १९९४ मध्ये भाडेकरू म्हणून आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, अविवाहित. एका खोलीचं भाडं १२० रुपये. बदल्या झाल्या, पण जवळपासच्याच गावांत, एसटीनं जाऊन-येऊन होण्यासारख्या. खोली त्यांनी सोडली नाही. निवृत्त होऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेत, त्यामुळं त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. जिजीसुद्धा 'बाई'च म्हणतात. तीस वर्षं एका घरात काढूनही दोघी एकमेकींना अहो-जाहो करतात.

तिसरी लहानी. वय ३६. नवरा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात गेला आणि तिथंच दुसरं घर करून राहिला. खानदेशातून सुरतेला जाणाऱ्या गाड्या भरून जातात, परतताना एखाद-दुसरा माणूस कमी असतो. भाऊ म्हणाले, दोन दिवस पाहुणी म्हणून केव्हाही ये. दोन दिवसांनंतरचं कुणी बोललं नाही. २०१५ मध्ये पाच वर्षांची पोर कडेवर घेऊन ती जिजींच्या ओट्यावर आली, तेही खोली भाड्यानं मागायला. उन्हाळ्यात बिबडे आणि पापड, हंगामात कापूस वेचणी, उरल्या दिवसांत शिवणयंत्र. पोटगीचा अर्ज तिनं कधी केला नव्हता, कारण 'तारखेला सुरतेला कोण जाणार'. बायको जिथं राहते तिथल्या कोर्टातही तो करता येतो, हे तिला आठ वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

चौथी पोर. ती जिजींना 'मोठी माय' म्हणते, बाईंना 'बाई'. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही बहुतेक वेळा बाईंची असते. शिक्षिकेची सही म्हणून ती कुणी हटकत नाही.

चूल एक कशी झाली

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. आजकाल 'पर्यायी कुटुंब' म्हटलं की शहरातल्या दोन-चार सुशिक्षित मैत्रिणी, एक फ्लॅट, कुंड्या आणि मांजर असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इथं तसं काही घडलं नाही. कुणी काही ठरवलंच नव्हतं.

बाई बौद्ध, जिजी कुणबी. पहिली बारा वर्षं घरात दोन चुली होत्या. जिजींची चूल पुढं, बाईंचा स्टोव्ह त्यांच्या खोलीत. सणाचं ताट इकडून तिकडं जायचं. तिकडून इकडं यायचं ते फळ किंवा दुकानातलं फरसाण, शिजवलेलं नव्हे. हे बोललं जात नसे, पाळलं जात असे. जिजींना मी हे थेट विचारलं. त्यांनी मान खाली घातली नाही, हो म्हणाल्या.

२००६ मध्ये महाराष्ट्रभर चिकुनगुन्याची साथ आली. गावात घरटी एक-दोन माणसं आडवी झाली. ताप चार दिवसांत गेला, पण जिजींची बोटं दोन-अडीच महिने वळेनात. पीठ मळणं सोडा, लुगड्याची गाठ मारता येईना. बाईंनी पहिल्या दिवशी खिचडी टाकली, दारात उभ्या राहिल्या आणि विचारलं, "जिजी, चालेल का?" जिजी म्हणाल्या, "हातच नाहीत तर चालेल न चालेल कुणाला विचारता?" दुसऱ्या दिवशी कळण्याची भाकरी झाली. बाईंना ती थापता येत नव्हती. जिजींनी खाटेवरून सांगत सांगत शिकवली. पहिल्या आठ दिवसांच्या भाकरींचे गावात अजून विनोद होतात.

बोटं वळायला लागल्यावर स्टोव्ह परत पेटला नाही. एवढंच झालं. गावानं दोन-चार महिने नाकं मुरडली. भाऊकीतल्या एका थोरल्या बाईनं जिजींच्या हातचं पाणी सोडलं, पुढं तिच्याच सुनेच्या बाळंतपणात जिजींना बोलवावं लागलं. बाईंनी मात्र त्या दिवसापासून हिशेबाची वही सुरू केली. किराणा निम्मा-निम्मा, वीज निम्मी, भाडं बंद. पहिल्या पानावर तारीख आहे आणि खाली दोघींच्या सह्या. मास्तरीणबाईचा स्वभाव, दुसरं काय. पण या वहीनं पुढं जे काम केलं, ते कुठल्या वकिलानंही केलं नसतं.

लहानी आल्यावर निम्म्याचे तीन भाग झाले. तिच्या भागात पैशांऐवजी काम लिहिलं गेलं: झाडलोट, पाणी, दळण.

इथं एक गोष्ट सांगण्यासारखी. आपल्या जनगणनेत 'कुटुंब' कशाला म्हणायचं, तर जी माणसं एरवी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरात जेवतात त्यांना. ती एकमेकांच्या नात्यातली असोत वा नसोत, याची अट नाही. म्हणजे सरकारचं सगळ्यात मोठं मोजमाप माणसं मोजायला निघतं तेव्हा चूल विचारतं, आडनाव विचारत नाही. तरीही २०११ मध्ये आलेल्या प्रगणकानं या घरात दोन कुटुंबं लिहिली. तो बाईंचाच माजी विद्यार्थी होता. त्याला व्याख्या माहीत होती. पण हात धजला नाही.

जिजींना हे सांगितल्यावर त्या अहिराणीत म्हणाल्या, "ती मनी काय लागस ते लोके इचारतस. चूल एक शे, मंग घर एक शे."

सहा तास

आता दवाखाना. जिजी मोरीत घसरल्या ते पहाटे. लहानीनं शेजारची रिक्षा बोलावली, बाईंनी पासबुकातून पैसे काढले, दहाच्या सुमाराला तालुक्याहून जिल्ह्याला पोचल्या. पुतण्या नाशिकला कंपनीत, पहिल्या पाळीला. फोन लागला दुपारी. त्यानं सही व्हॉट्सॲपवर पाठवली तेव्हा चार वाजले होते.

त्या सहा तासांत जिजी पूर्ण शुद्धीवर होत्या. नाव-गाव सांगत होत्या, कण्हत होत्या, मध्येच लहानीला म्हैस बांधली का विचारत होत्या. म्हैस आठ वर्षांपूर्वी विकली होती, पण ती सवय. शेवटी वैतागून त्या म्हणाल्या, "माले इचारा ना. मी जित्ती शे आजून."

कायद्यानं नेमकं हेच म्हटलेलं आहे. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच, आणि ती पुरेशी. त्याच्या ऐवजी दुसऱ्या कुणाला संमती देता येत नाही, मग तो नातेवाईक का असेना. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. तिथं तर रुग्णाच्या आईची संमती घेऊनही ती चालली नव्हती. नातेवाइकाची सही दवाखाने मागतात ती बिलाच्या आणि पुढच्या भांडणाच्या भीतीनं. भीती समजू शकते, पण कागदावर तिला 'नियम' असं नाव मिळतं आणि नात्याबाहेरची माणसं त्या नियमाखाली चेपतात. बाईंसारखी चाळीस वर्षं शासकीय कागद हाताळलेली बाईसुद्धा त्या रकान्यापुढं गप्प झाली. मी तिथं असते तर कदाचित भांडले असते. कदाचित मीही नाशिकला फोनच लावला असता.

पुतण्या

नोटीस आली आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, एप्रिलच्या शेवटी. मजकूर असा, की घर वडिलोपार्जित आहे, दोन परक्या बायका वृद्धेच्या असहायतेचा फायदा घेऊन तिथं राहत आहेत, त्यांनी तीस दिवसांत घर सोडावं.

नोटीस वाचून मनात जो माणूस उभा राहतो, तो प्रत्यक्षात समोर आला नाही. चाळिशीतला, सातपूरच्या कारखान्यात कंत्राटावर, दोन खोल्यांत आई, बायको, मुलगा. दर दिवाळीला काकूला लुगडं पाठवणारा. दवाखान्याच्या बिलात त्यानं २५ हजार घातले होते, उसने काढून. त्याचं म्हणणं होतं, "मॅडम, गावात आमचं म्हणायला एवढंच उरलंय. आजोबांचं घर. उद्या काकू गेली तर मला दारात उभं करतील का या?" भीती खोटी नव्हती.

त्याच्या बाजूनं कायदाही होताच. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम १५. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेली मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तीस वर्षं सोबत राहिलेल्या बाईला एक वीट नाही. बाईंच्या बाबतीतही तेच. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. अविवाहित बाईंच्या मागं त्यांची शिल्लक वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भावाच्या मुलांकडे जाईल, ज्यांना त्यांनी गेल्या दहा वर्षांत दोनदा पाहिलं आहे.

पण दुसरी बाजू त्याला कुणी सांगितली नव्हती. त्याच कायद्याच्या कलम १४ नुसार जिजी घराच्या पूर्ण मालक आहेत. जिवंतपणी कुणालाही देऊ शकतात, मृत्युपत्रानं कुणालाही ठेवू शकतात. आणि २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आणखी पुढं जातो. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारशानं ज्याला मिळणार आहे, तो सज्ञान आणि ऐपतदार वारस त्या ज्येष्ठाला सांभाळायला बांधील आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढं, आणि महिना १० हजारांपर्यंत रक्कम ठरू शकते. मी हे कलम त्याला वाचून दाखवलं. धमकी म्हणून नव्हे, पण त्याला ती धमकीच वाटली असणार. तो बराच वेळ गप्प बसला. मग जिजींकडे पाहून म्हणाला, "मग काकू, मी काय फक्त खांदा द्यायला?"

जिजी रडल्या त्या इथं. दवाखान्यात रडल्या नव्हत्या.

तिघींशी वेगवेगळं

मी तिघींना एकत्र बसवून बोलले असते तर हे प्रकरण सरळ झालं असतं आणि खोटं झालं असतं. एकत्र बसल्या की तिघी एका सुरात बोलतात. म्हणून एकेकीला गाठलं. जिजींना खाटेवर, बाईंना वाचनालयात, लहानीला शेतात, कापसाच्या तासांत.

जिजींना घर लहानीला द्यायचं होतं. अडत होतं ते मरणानंतरच्या गोष्टींवर. "तिरडीले खांदा कोन देई? आखाजीनी घागर कोन भरी?" बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. त्याच सणाला सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, सालही याच दिवशी संपून नवं धरलं जातं. म्हणजे वर्षातल्या याच दिवशी कोण कुणाचं ते नव्यानं ठरतं. जिजींचा प्रश्न भाबडा नव्हता. घर एकाला आणि घागर दुसऱ्याकडून, हे त्यांना फसवणुकीसारखं वाटत होतं.

बाईंची भीती वेगळी. जिजी आधी गेल्या तर आपण रस्त्यावर. पेन्शन आहे, खोली कुठंही मिळेल, पण ६०-७० वर्षांच्या एकट्या बाईला घरमालक पहिल्यांदा विचारतो तो मुलगा कुठं असतो. पत्र्यांसाठी २०११ मध्ये त्यांनी १ लाख ८० हजार घातले होते. पावती नाही, पण वहीत तारखेनिशी नोंद होती, सुताराच्या मजुरीसकट.

आणि लहानी. तिनं कापूस वेचत वेचत सांगितलं, मान वर न करता. फेब्रुवारीपासून जिजींचं सगळं तीच करत होती. उठवणं, मोरीत नेणं, रात्री दोनदा कूस बदलणं. शिवणयंत्रावर धूळ बसली होती. उन्हाळ्यातले बिबडे झालेच नाहीत, म्हणजे वर्षाची मोठी कमाई गेली. वहीत तिच्या नावापुढं 'काम' लिहिलेलं होतं, पण किती काम ते कुणी लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, बाईंना सांगायचंस ना. ती म्हणाली, "सून असते तर निदान भांडता आलं असतं. मी तर उपकारात राहते."

माझ्या दृष्टीनं हे वाक्य या सगळ्या प्रकरणाचा गाभा. आपण रक्ताच्या कुटुंबाला नावं ठेवतो ती योग्यच. सुनेवर सगळं पडतं, ते दिसतंही. पण जोडलेल्या घरातही काम खालीच वाहत जातं, वयानं लहान आणि पैशानं कमी असलेल्या बाईकडे. फरक इतकाच, की सुनेला रुसायचा हक्क असतो, माहेरी निघून जायची धमकी असते. आश्रित म्हणून आलेल्या बाईकडे तेही नसतं. प्रेमाची घरं म्हणून अशा घरांचं कौतुक करणाऱ्या मंडळींनी एकदा तिथलं रात्री दोनचं काम कोण करतं ते पाहावं.

बाईंना मी हे सांगितलं, लहानीच्या परवानगीनं. त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वहीत नवं पान काढलं. सकाळ-संध्याकाळ दोन तास एक बाई लावायची, पगार बाईंच्या पेन्शनमधून. आठवड्यातून एक दिवस जिजींचं सगळं बाई बघणार आणि लहानीला सुट्टी. शिवणाची कमाई लहानीची, वहीत येणार नाही. तिघींपैकी कुणी घर सोडणार असेल तर तीन महिने आधी सांगायचं. खाली तीन सह्या, जिजींचा अंगठा नव्हे, सही. बाईंनीच कधीतरी शिकवलेली.

कागद

पर्याय दोन होते. बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र.

बक्षीसपत्रात कायद्याचा नात्यांकडे बघण्याचा डोळा फार स्पष्ट दिसतो. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं किंवा मृत मुलाची बायको यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. बाहेरच्या माणसाला दिली तर खरेदीखतासारखं, मालमत्तेच्या किमतीच्या टक्क्यांत. शिवाय बक्षीस एकदा दिलं की गेलं. २००७ च्या कायद्यातलं कलम २३ आधार देतं खरं. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळू शकते, आणि घेणारा नात्यातला नसला तरी हे लागू आहे. पण त्यासाठी अट लेखात असायला हवी आणि म्हातारपणी पुन्हा भांडायला ताकद हवी. मी बक्षीसपत्राच्या विरोधात मत दिलं. लहानीवर अविश्वास म्हणून नव्हे. जिवंतपणी कुणीच आपल्या डोक्यावरचं छप्पर लिहून देऊ नये, पोटच्या मुलालासुद्धा नाही, असं माझं बऱ्याच प्रकरणांनंतर झालेलं मत आहे.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत, आणि मन बदललं तर बदलता येतं. नोंदणी सक्तीची नाही, पण घर नात्याबाहेर जाणार असेल तर करावीच. त्याची फी १०० रुपये. आम्ही डॉक्टरांचा दाखला जोडला, की जिजी भानावर आहेत आणि त्यांना वाचून दाखवलेलं समजतं. साक्षीदार दोघंही जिजींपेक्षा बरेच तरुण घेतले. मृत्युपत्र उघडेपर्यंत साक्षीदारच राहत नाहीत, हे खेड्यात फार होतं.

मजकुरावर चार महिने गेले. शेवटी ठरलं ते असं. रान पुतण्याला. घरात बाईंना हयातभर राहण्याचा हक्क, विकण्याचा नाही. बाईंच्या मागं घर लहानीचं. पुढचा ओटा आणि पहिला खण कानबाईच्या, म्हणजे श्रावणात भाऊकी पुजते त्या देवीच्या, दिवसांत पुतण्याच्या कुटुंबाला खुला. हे शेवटचं कलम वकिलाला हास्यास्पद वाटलं. जिजी म्हणाल्या, ते नसेल तर सही नाही. पुतण्याला आधीच सगळं वाचून दाखवायचं, हाही जिजींचाच हट्ट. मृत्युपत्र लपवून ठेवायचं असतं असं सगळे सांगत होते. त्यांचं म्हणणं, माझ्या तेराव्याला भांडण नको, आत्ता करा काय ते. पुतण्यानं वाचलं. रानाचा विषय निघाल्यावर तो थोडा सैल झाला. खूश झाला असं मी म्हणणार नाही. नोटीस मात्र पुढं गेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नोंदणी झाली.

दवाखान्यासाठी प्रत्येकीनं अर्ध्या पानाचं पत्र करून ठेवलं: माझ्या उपचारांची माहिती या दोघींना द्यावी, मी शुद्धीवर नसेन तेव्हा यांना आधी कळवावं. लॅमिनेट करून आधार कार्डांसोबत. कायद्यानं याला फार वजन नाही, पण काउंटरवर दाखवायला कागद असला की माणसाचा आवाज सुटतो. अधिक भक्कम मार्ग आहे. आजार हाताबाहेर गेला तर यंत्रांवर ठेवायचं की नाही आणि ते कुणी ठरवायचं, हे आधीच लिहून ठेवता येतं. २०२३ पासून ते सोपं झालं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. बाईंनी ते केलं. जिजी म्हणाल्या, मरणाचा एक कागद पुरे.

शिधापत्रिका मात्र तीनच राहिल्या. जिजींची पिवळी, अंत्योदयाची, कार्डामागं ३५ किलो. लहानीची केशरी, माणशी ५ किलो. बाईंची पांढरी, तिच्यावर काही नाही. एकत्र केल्या तर बाईंची पेन्शन घराच्या उत्पन्नात धरली जाईल आणि दोघींचं धान्य जाईल. एका चुलीवर शिजणारं धान्य तीन कागदांवरून येतं, आणि कागद एक केले तर शिजायला कमी उरेल. जिजी निराधार विधवा, लहानी परित्यक्ता, बाई पेन्शनर, अशाच त्या सरकारला एकेकट्या दिसतात. मी कार्डं एकत्र करायचा आग्रह धरला नाही. कुणाला यात खोट वाटली तर वाटो.

काही गोष्टी सुटल्या नाहीत. बाईंच्या बँक खात्यांवर आता पोरीचं नामांकन आहे, पण नामांकन म्हणजे मालकी नव्हे, नामांकित माणूस पैसे वारसांसाठी सांभाळणारा असतो. स्वतःचं मृत्युपत्र करायचं बाई टाळताहेत. भावाची आठवण येते म्हणतात. पोरीला परिचारिकेचा कोर्स करायचा आहे, म्हणजे दोन-तीन वर्षांत ती बाहेर पडेल आणि तिच्या मागं लहानी गेली तर मृत्युपत्रातलं घर लहानीचं असून घरात लहानी नसेल. याचं काय करायचं हे मी विचारलं. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चहा आणला.

गावात या घराबद्दल बोलताना जुनी माणसं अमळनेरचा दाखला देतात. साने गुरुजी तिथं १९२४ ते १९३० शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयातल्या परक्या पोरांची अंथरुणं घालण्यापासून सगळं त्यांनी केलं. बाईंना हा दाखला आवडत नाही. "ते त्याग करत होते," त्या मला म्हणाल्या. "आम्ही कुठं काय केलं? आम्ही जेवतो."

श्रावण

पुढच्या वर्षी, २०२४ च्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी मी पाठपुराव्याला गेले. दिवस कानबाईचा आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. खानदेशात कानबाई भाऊकीची. रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, गहू घेतात ते घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं, सव्वा-सव्वा मूठ, आणि ते रोट भाऊकीबाहेर जात नाहीत. कुळाकुळानं रीत थोडी बदलते, पण जिजींच्या घरात ही अशीच होती. वर्षाचे हेच दोन दिवस बाई आणि लहानी मागच्या परसात तीन दगडांवर वेगळं रांधत. २००६ नंतर त्या घरात दोन चुली पेटत त्या फक्त तेव्हा. याबद्दल कुणी कधी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. वहीत त्या दोन दिवसांचा किराणाही वेगळा लिहिलेला आहे, ओळीनं अठरा वर्षं.

मला ओट्यावर बसवलं, मी बाहेरची. पुतण्या सहकुटुंब आला होता. पहिल्या खणात जिजी खुर्चीवर, मांडीवर सूप, शेजारी गव्हाची कोठी. खुब्यामुळं त्यांना खाली बसता येत नाही. त्यांनी पुतण्याचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ सुपात टाकली. मग त्याच्या मुलाच्या नावानं. पुतण्याची बायको पिशवी उघडी धरून उभी होती.

जिजींनी सूप पुढं केलं नाही. कोठीत परत हात घातला. एक मूठ आणि वर चिमूट. मग आणखी एक. मग तिसरी, ती जरा सांडली.

"काकू, हे कोणाचे?" पुतण्यानं विचारलं.

"आदूगर दळीसन आन," जिजी म्हणाल्या. "मंग सांगसू."

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग बायकोच्या हातातली पिशवी घेतली, सूप तिच्यात ओतलं आणि माझ्या बाजूनं ओटा उतरून गिरणीकडे गेला.